तिसऱ्या पक्षाची जागा अध्यक्षपदाच्या शर्यतीत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मतदार रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांना विटला असून तेथे मध्यममार्गी तिसरा पक्ष उभा राहणे ही आता केवळ योग्य नेता आणि पुरेसा पैसा मिळण्याची बाब उरली आहे, अशा आशयाचे लेखन आपल्या दैनिकात अलीकडे येऊन गेले. त्यातील मतदाराच्या नाराजीचा भाग खरा आहे. नेता आणि पैसा यांचा भाग अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या अनुभवावर टिकत नाही. मध्यममार्गी राजकारणाला त्या देशात वाव आहे असे मलाही वाटते. मात्र तो अध्यक्षपदाच्या शर्यतीत नाही, तर जेथे दोन प्रमुख पक्षांपैकी एक जवळजवळ नामशेष झालेला आहे अशा राज्यांत आहे, आणि तेथेही तो तिसरा भिडू म्हणून उतरणाऱ्याला नाही, तर त्या मरगळलेल्या दुसऱ्याची जागा घेणाऱ्याला आहे.

आधी नाराजीच्या आकड्यांविषयी. तिसऱ्या मोठ्या पक्षाची गरज आहे काय, हा प्रश्न गॅलप ही संस्था गेली वीसहून अधिक वर्षे अमेरिकी नागरिकांना विचारत आली आहे, आणि २०२३ साली ६३ टक्के लोकांनी त्याला होकार दिला. स्वतःला कोणत्याच पक्षाचे न मानणाऱ्यांचे प्रमाणही ४० टक्क्यांच्या वर असते. परंतु याच लोकांना थोडे खोदून विचारले की त्यांतील बहुतेकांचा कल एका पक्षाकडे असल्याचे दिसते, आणि मतदानाच्या दिवशी हा कल असलेला मतदार पक्षाच्या निष्ठावंतापेक्षा फारसा वेगळा वागत नाही. शिवाय त्या ६३ टक्क्यांत डेमोक्रॅटिक पक्ष पुरेसा डावा नाही म्हणून चिडलेले आहेत, रिपब्लिकन पक्ष पुरेसा उजवा नाही म्हणून चिडलेलेही आहेत. त्या सर्वांना एकाच मांडवाखाली बसवता येईल असे मानणे हा भाबडेपणा झाला.

खुद्द मध्यावर उभा असलेला मतदारही मध्यममार्गी पक्षाच्या पुरस्कर्त्यांना वाटतो तसा नाही. या पुरस्कर्त्यांमध्ये उद्योगपती, निवृत्त लोकप्रतिनिधी आणि देणगीदार यांचा भरणा असतो. त्यांचा कार्यक्रम साधारणपणे ठरलेला असतो: अर्थसंकल्पी तूट कमी करावी, निवृत्तिवेतन आणि वृद्धांचा आरोग्यविमा यांवरील खर्चाला लगाम घालावा, व्यापार खुला ठेवावा आणि सामाजिक प्रश्नांवर उदार राहावे. दोन पक्षांच्या मध्ये हेलकावे खाणाऱ्या सामान्य मतदारात मात्र याच्या नेमके उलट मिश्रण मोठ्या प्रमाणावर आढळते. त्याला सरकारी निवृत्तिवेतनाला हात लावलेला चालत नाही, परदेशी मालावर आयातशुल्क असावे असे वाटते, आणि स्थलांतर व संस्कृती या विषयांवर तो परंपरेकडे झुकतो. निवृत्तिवेतनाला हात लावणार नाही असे सांगत २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच्या बऱ्याच भागाला रिपब्लिकन पक्षाकडे ओढले. म्हणजे मध्यममार्गी पक्षासाठी रिकामी ठेवलेली म्हणून जी खुर्ची दाखवली जाते, तिच्यावर बसू पाहणारे दोन निराळे समुदाय आहेत आणि त्यांचे आपसांत जमणे कठीण आहे.

रॉस पेरो यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे, कारण आधुनिक काळात याहून अनुकूल परिस्थिती कोणा तिसऱ्या उमेदवाराच्या वाट्याला आलेली नाही. टेक्ससमधील या अब्जाधीशाने १९९२ साली स्वतःच्या खिशातून पैसा ओतला, दूरचित्रवाणीवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेऊन हातातील तक्त्यांच्या साहाय्याने राष्ट्रीय कर्ज समजावून सांगितले, आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये तो जनमत चाचण्यांत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश आणि बिल क्लिंटन या दोघांच्याही पुढे होता. जुलैमध्ये त्याने अचानक माघार घेतली, ऑक्टोबरच्या आरंभी तो पुन्हा मैदानात आला आणि तिन्ही वादसभांत, म्हणजे दूरचित्रवाणीवरील उमेदवारांच्या जाहीर चर्चांत, दोन्ही प्रमुख उमेदवारांच्या बरोबरीने उभा राहिला. माघार-पुनरागमनाचा हा लहरी प्रकार होऊनही त्याला १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लाख मते पडली. मेन राज्यात त्याने बुश यांना आणि युटामध्ये क्लिंटन यांना तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. आणि राष्ट्राध्यक्षाची प्रत्यक्ष निवड ज्या राज्यवार मतांवर होते त्या निर्वाचक मंडळात त्याच्या पदरात काय पडले? शून्य.

याच्या शेजारी दुसरे दोन आकडे ठेवून पाहावेत. १९६८ मध्ये वंशविभाजनाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांना १३.५ टक्के मते मिळाली आणि ४६ निर्वाचक मते. त्याआधी १९४८ मध्ये त्याच विचाराचे स्ट्रॉम थरमंड यांना देशभरात जेमतेम २.४ टक्के मते मिळाली, तरी निर्वाचक मते ३९. दोघांचीही ताकद दक्षिणेतील काही राज्यांत एकवटलेली होती. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये वगळता इतरत्र राज्यातील सर्व निर्वाचक मते पहिल्या येणाऱ्यालाच मिळतात. ज्याच्या हाती ससा तो पारधी. अशा पद्धतीत एका कोपऱ्यात दाट असणारा प्रादेशिक, टोकाचा पक्ष काहीतरी मिळवून जातो आणि सगळीकडे पातळ पसरलेला मध्यममार्गी रिकाम्या हाताने परततो. दोष पेरोच्या स्वभावात शोधणाऱ्यांनी हा भूगोल लक्षात घेतलेला नसतो.

समजा, पेरोपेक्षा समतोल आणि थिओडोर रूझवेल्टइतका लोकप्रिय नेता मिळाला. तो प्रयोगही होऊन गेला आहे. खुद्द रूझवेल्ट, म्हणजे दोनदा राष्ट्राध्यक्षपद भूषवलेला माणूस, १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडून लढला, २७.४ टक्के मते आणि सहा राज्ये जिंकला, आणि परिणाम असा झाला की डेमोक्रॅट वुड्रो विल्सन सुमारे ४२ टक्के मतांवर ५३१ पैकी ४३५ निर्वाचक मते घेऊन निवडून आले.

आता याहीपुढची कल्पना करू. मध्यममार्गी उमेदवाराने काही राज्ये जिंकली आणि ५३८ पैकी बहुमताची २७० मते कोणालाच मिळाली नाहीत. संसदीय पद्धतीत अशी त्रिशंकू अवस्था लहान पक्षाला सोन्याचे दिवस दाखवते. अमेरिकेत मात्र येथेच घोडे पेंड खाते. बाराव्या घटनादुरुस्तीनुसार अशा वेळी पहिल्या तिघांतून राष्ट्राध्यक्ष निवडण्याचे काम प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे तेथील संसदेच्या कनिष्ठ गृहाकडे, जाते, आणि तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला एक आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगला एक. जिंकण्यासाठी २६ राज्ये लागतात. त्या गृहातील सदस्य कोण? रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट. १८२४ साली असा प्रसंग आला तेव्हा सर्वाधिक लोकमते आणि सर्वाधिक निर्वाचक मते मिळवलेल्या अँड्र्यू जॅक्सन यांना डावलून गृहाने जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांना निवडले होते. ज्या उमेदवाराचा त्या गृहात स्वतःचा एकही माणूस नाही, त्याची काय कथा? अध्यक्षपदापासून सुरुवात करणाऱ्या मध्यममार्गी पक्षाच्या यशाचा सर्वांत संभाव्य मार्गदेखील असा थेट प्रतिस्पर्ध्यांच्या दारात जाऊन थांबतो.

इच्छुकांनाही हे गणित कळते, म्हणून तर नेता मिळत नाही. २०१२ मध्ये ‘अमेरिकन्स इलेक्ट’ या संस्थेने कोट्यवधी डॉलर खर्चून अनेक राज्यांच्या मतपत्रिकेवर जागा मिळवली आणि उमेदवार निवडण्यासाठी इंटरनेटवरून प्राथमिक निवडणूक योजली; ठरवलेल्या पाठिंब्याचा किमान उंबरठा एकाही इच्छुकाला ओलांडता आला नाही आणि मोहीम गुंडाळावी लागली. २०१० पासून काम करणाऱ्या ‘नो लेबल्स’ने २०२४ साठी दोन पक्षांतील एकेक नेता घेऊन संयुक्त उमेदवारी देण्याचा घाट घातला. डेमोक्रॅटिक सिनेटर जो मॅन्चिन, रिपब्लिकन पक्षाचे माजी गव्हर्नर लॅरी होगन आणि निकी हेली अशी नावे चर्चेत आली, पण एकानेही मान पुढे केली नाही, आणि बायडन विरुद्ध ट्रम्प या फेरलढतीला मतदार कंटाळलेला असतानाही एप्रिल २०२४ मध्ये संस्थेने प्रयत्न सोडून दिला. मॅन्चिन यांच्यासारख्या मुरब्बी माणसाला फ्लोरिडाची आठवण नसेल असे नाही. तेथे २००० साली जॉर्ज डब्ल्यू. बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यावर अवघ्या ५३७ मतांनी जिंकले आणि तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांच्या खात्यावर ९७ हजारांहून अधिक मते होती. नेडर डावे होते, मध्यममार्गी नव्हेत, ही गोष्ट वेगळी. पण दुसऱ्याला पाडणारा हा शिक्का त्यांच्या कपाळावरून पुढे कधी पुसला गेला नाही.

नियमांची कटकट वेगळीच. प्रत्येक राज्याचा निवडणूक कायदा निराळा आहे आणि तो तेथील विधिमंडळातील दोन पक्षांनीच घडवलेला असतो. न्यूयॉर्कने २०२० मध्ये राज्यव्यापी अपक्ष उमेदवारासाठी लागणाऱ्या सह्या १५ हजारांवरून ४५ हजारांवर नेल्या, तसेच पक्ष म्हणून मान्यता टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी १ लाख ३० हजार किंवा एकूण मतांच्या २ टक्के, यांपैकी जो आकडा मोठा असेल तितकी मते मिळवण्याची अट घातली. बहुतेक राज्यांत पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याला त्याच पदासाठी अपक्ष म्हणून उभे राहता येत नाही, त्यामुळे बंडखोरीचा सरळ रस्ताच बंद होतो. दोन्ही पक्षांनी १९८७ मध्ये स्थापन केलेल्या वादसभा आयोगाने २००० पासून चाचण्यांत १५ टक्के पाठिंब्याची अट ठेवली. ही अट १९९२ मध्ये असती तर ऑक्टोबरच्या आरंभी एक अंकी टक्केवारीवर असलेले पेरो त्या मंचावर पोहोचलेच नसते.

पेरोच्या पुढच्या प्रवासाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. १९९५ मध्ये त्यांनी रिफॉर्म पार्टी काढली, १९९६ मध्ये वादसभांतून वगळले जाऊन ८.४ टक्के मते मिळवली, आणि त्या मतांच्या जोरावर २००० साली पक्षाच्या उमेदवाराला मिळणारा सुमारे १ कोटी २६ लाख डॉलरचा सरकारी निधी पॅट ब्युकॅनन या कडव्या उजव्या नेत्याने उमेदवारी पटकावून आपल्या प्रचाराला वापरला. पडलेली मते अर्धा टक्काही नव्हती. मधल्या काळात तुटीचा प्रश्न दोन्ही प्रमुख पक्षांनी उचलला होता आणि १९९८ पासून चार वर्षे अर्थसंकल्प शिलकीत होता. तिसऱ्या पक्षाचा मुद्दा जिंकतो आणि पक्ष मरतो. याला अपयश म्हणावे काय, याविषयी माझे मन पूर्ण निश्चित नाही. मात्र याला पक्षबांधणी म्हणता येणार नाही.

याच पक्षाचे जेसी व्हेंचुरा १९९८ मध्ये मिनेसोटाचे गव्हर्नर झाले, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो वाजवी आहे. तिरंगी लढतीत ३७ टक्क्यांवर मिळालेला तो विजय खराच होता. पण त्या राज्यात मतदानाच्या दिवशीच नावनोंदणी करता येते, प्रचाराला सार्वजनिक निधीची सोय आहे, आणि व्हेंचुरांना वादसभांत सामावून घेतले गेले होते. इतके असूनही त्यांच्याबरोबर विधिमंडळात त्यांच्या पक्षाचा एकही सदस्य निवडून आला नाही, २००० मध्ये ते स्वतःच पक्षातून बाहेर पडले आणि २००२ मध्ये पुन्हा उभे राहिले नाहीत.

माझ्या मते अधिक शिकण्यासारखी उदाहरणे इतर ठिकाणी आहेत, आणि त्यांच्याकडे आपल्याकडील लेखनात दुर्लक्ष होते. इव्हान मॅकमलिन हे एकच नाव घ्या. २०१६ मध्ये अध्यक्षपदासाठी अपक्ष उभे राहून त्यांनी युटामध्ये २१.५ टक्के मते घेतली आणि ते ट्रम्प व हिलरी क्लिंटन यांच्या मागे तिसरे आले. २०२२ मध्ये तेच गृहस्थ त्याच राज्यातून सिनेटसाठी उभे राहिले, तेव्हा तेथील डेमोक्रॅटिक पक्षाने अधिवेशनात ठराव करून आपला उमेदवार दिला नाही आणि मॅकमलिन यांना पाठिंबा दिला. रिपब्लिकन माइक ली यांना सुमारे ५३ टक्के मिळाले आणि मॅकमलिन यांना सुमारे ४३. ते हरले, पण सहा वर्षांत दुप्पट झाले. माणूस तोच, राज्य तेच. बदलली ती लढतीतील भिडूंची संख्या.

नेब्रास्काचे २०२४ चे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. डॅन ऑस्बर्न हे कारखान्यात मेकॅनिक म्हणून काम केलेले आणि २०२१ मध्ये ओमाहा येथील केलॉग कारखान्याच्या संपाचे नेतृत्व केलेले कामगार पुढारी. सिनेटच्या जागेसाठी ते अपक्ष उतरले, डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवार दिला नाही, आणि ऑस्बर्न यांनी त्या पक्षाचा जाहीर पाठिंबाही स्वीकारला नाही. त्याच दिवशी कमला हॅरिस त्या राज्यात ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी मागे पडल्या. ऑस्बर्न रिपब्लिकन सिनेटर डेब फिशर यांच्या मागे राहिले ते सातएक टक्क्यांनी. अलास्कात २०१४ मध्ये हा मार्ग विजयापर्यंतही गेला. रिपब्लिकन पक्ष सोडून आलेले बिल वॉकर गव्हर्नरपदासाठी आणि डेमोक्रॅट बायरन मॅलट स्वतःची उमेदवारी सोडून उपगव्हर्नरपदासाठी एकत्र लढले आणि त्यांनी पदावर असलेल्या शॉन पार्नेल यांना हरवले. २०२५ च्या जुलैमध्ये इलॉन मस्क यांनी ‘अमेरिका पार्टी’ची घोषणा केली, तेव्हा दोन-तीन सिनेट जागा आणि आठ-दहा मतदारसंघ यांवरच लक्ष द्यावे असे त्यांनी सुचवले होते. घोषणेनंतरच्या महिन्यांत त्यातून निवडणूक लढवणारा पक्ष काही उभा राहिला नाही, पण हिशेब चुकीचा नव्हता.

ऑस्बर्न यांना मध्यममार्गी म्हणावे काय, हा प्रश्न उरतो. कामगार हक्क आणि कडक सीमासुरक्षा यांची त्यांनी घातलेली सांगड देणगीदारांच्या कार्यक्रमात बसत नाही, पण वर ज्या हेलकावणाऱ्या मतदाराचे वर्णन केले त्याच्या ती पुष्कळ जवळ आहे. त्यांची मते वाढण्याचे ते एक कारण असावे असे मला वाटते.

हा मार्ग रुंद करायचा तर निवडणूक पद्धतीत बदल हवा. मेन राज्यात २०१० मध्ये रिपब्लिकन पॉल लपाज सुमारे ३८ टक्क्यांवर गव्हर्नर झाले. अपक्ष एलियट कटलर ३६ टक्क्यांवर थांबले आणि डेमोक्रॅटिक उमेदवार विसाच्या आत राहिला. या अनुभवातून तेथे २०१६ मध्ये जनमताने पसंतीक्रम मतदान आले, म्हणजे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी अशी पसंती देतो आणि शेवटच्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात. मौज अशी की राज्यघटनेतील तरतुदीमुळे गव्हर्नरच्या सार्वत्रिक निवडणुकीलाच ते लागू करता येत नाही. अलास्काने २०२० मध्ये पहिल्या चौघांची खुली प्राथमिक फेरी आणि पसंतीक्रम असा मेळ घातला, आणि २०२२ मध्ये मध्यममार्गी रिपब्लिकन लिसा मुर्कोव्स्की त्या पद्धतीत तरल्या. परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये अलास्कातील ही पद्धत हजाराहून कमी मतांच्या फरकाने कशीबशी वाचली, तर नेवाडा, कोलोरॅडो, आयडाहो आणि ओरेगन येथील मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले आणि मिझुरीने त्यावर बंदीच घातली. एरवी हाडवैर असलेले दोन पक्ष या विरोधात काही ठिकाणी खांद्याला खांदा लावून उभे होते. लहान पक्षाला मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराचे नाव मतपत्रिकेवरील आपल्या ओळीत छापू देण्याची जुनी पद्धत न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये अजून चालते; मते वाया न घालवता वजन वाढवण्याचा तो मला अधिक व्यवहार्य उपाय वाटतो. पण अशी मुभा नाकारण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उचलून धरला आहे, तेव्हा तीही लढाई राज्या-राज्यांतच लढावी लागेल.

शेवटी एका अडचणीचा उल्लेख करतो, जिचे समाधानकारक उत्तर या मार्गाच्या पुरस्कर्त्यांकडूनही ऐकायला मिळत नाही. सिनेटमध्ये समित्यांवरील जागा पक्षगटांमार्फत मिळतात, म्हणूनच मेनचे अँगस किंग आणि व्हरमाँटचे बर्नी सँडर्स हे अपक्ष म्हणून निवडून आले तरी डेमोक्रॅटिक गटाबरोबर बसतात. ऑस्बर्न यांनी निवडून आल्यास कोणत्याच गटात बसणार नाही असे २०२४ मध्ये जाहीर केले होते, आणि रिपब्लिकन सिनेटर पीट रिकेट्स यांच्या जागेसाठी २०२६ ची उमेदवारीही त्यांनी अपक्ष म्हणूनच जाहीर केली. असा एकटा सिनेटर समितीविना राहील आणि त्याच्या राज्याचे मतदार तोटा सोसतील. असे तीन-चार जण एकदम आले आणि दोन्ही गटांना बहुमतासाठी त्यांची गरज पडली, तरच त्यांना आपल्या अटींवर समित्या मागता येतील. पहिल्या एकट्याने दुसऱ्या-तिसऱ्याची वाट पाहत सहा वर्षांची मुदत कशी काढावी, हा प्रश्न मध्यममार्गी पक्षाचा विचार करणाऱ्यांनी अध्यक्षपदाचा उमेदवार शोधण्याआधी सोडवायला हवा.

आपला,
एक नियमित वाचक